सोलापूरहून गोव्याच्या पोकर टूर्नामेंटला जाताय? आक्रमक खेळ कसा करायचा, पायरीपायरीने

सोलापुरात पत्त्यांना कधीच हात न लावलेला माणूस शोधावा लागेल. दिवाळीत तीन पत्ती, एरवी रमी, लग्नघरात रात्रभर मेंढीकोट. त्यामुळे इथून पहिल्यांदा पोकर टूर्नामेंटला जाणाऱ्याला धाडस शिकवायची गरज नसते. गडबड होते ती वेगळीच. आपलं धाडस सगळं ‘बघण्यात’ जातं. समोरच्याने लावले की आपण म्हणतो, “बघू तरी काय आहे.” पोकरमध्ये याला कॉल म्हणतात आणि लाइव्ह टूर्नामेंटमध्ये नवखे लोक बहुतेक यानेच संपतात. कॉल करून जिंकायचं तर तुमचंच पान मोठं निघावं लागतं. रेझ करून, म्हणजे रक्कम वाढवून, जिंकायचे रस्ते दोन: पान मोठं निघालं तरी, आणि समोरच्याने टाकून दिलं तरी. आक्रमक खेळ म्हणजे हा दुसरा रस्ता वापरणं. आवाज चढवणं किंवा दर हाताला ऑल-इन म्हणणं याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

टेक्सास होल्डमचे मूळ नियम तुम्हाला येतात असं धरून लिहितो.

१. आधी कायदा

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. कॅसिनोंसाठी १९७६ मध्ये एक कायदा झाला होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. जुगारबंदीचा १८८७ चा कायदा मात्र आजही लागू आहे. रमी हा कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलंय. पोकरबद्दल वेगवेगळ्या हायकोर्टांची मतं वेगवेगळी आहेत. तेव्हा कुणाच्या फार्महाउसवर पैसे लावून ‘प्रॅक्टिस’ करायला बोलावलं तर जाऊ नका. धाड पडल्यावर कौशल्याचा मुद्दा पोलिस स्टेशनात ऐकला जात नाही.

ऑनलाइनचंही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि मोठ्या ॲप्सनी पैशाचे टेबल बंद केले. फुकटच्या चिप्सवर सराव करता येतो, तो करा.

राहिलं गोवा. तिथे पंचतारांकित हॉटेलांत आणि मांडवी नदीतल्या जहाजांवर परवानाधारक कॅसिनो आहेत आणि त्यांच्या पोकर रूममध्ये टूर्नामेंट होतात. वय २१ पूर्ण लागतं.

२. सोबत काय न्यायचं

- फोटो आणि पत्ता असलेलं मूळ ओळखपत्र: आधार, पासपोर्ट किंवा लायसन्स. गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळायला मनाई आहे, त्यामुळे पत्ता बघतात. झेरॉक्सवर विसंबू नका.
- पॅनकार्ड. बक्षीस लागलं तर हे लागणारच.
- बुकिंगचा मेसेज किंवा पावती, आणि टूर्नामेंटचं स्ट्रक्चर शीट: सुरुवातीच्या चिप्स किती, लेव्हल किती मिनिटांची, लेट रजिस्ट्रेशन कधी बंद होतं, री-एंट्री (बाहेर पडल्यावर पुन्हा पैसे भरून बसणं) किती वेळा.
- पूर्ण पँट, बूट, आणि एक जाडसर जॅकेट. एप्रिलच्या सोलापुरातून गेलेल्या माणसाला तिथला एसी दोन तासांत गारठवतो, आणि आखडलेला माणूस पानं नीट खेळत नाही.
- दोन एंट्रीचे पैसे, तेही गेले तरी घर हलणार नाही असे. भिशीचे, उसने किंवा फीचे नकोत. ज्याला हरणं परवडत नाही त्याला ब्लफ जमत नाही, कारण त्याची मान आधीच वाकलेली असते.

जायला कोल्हापूरवरून किंवा विजयपूर-बेळगाव-चोर्ला घाट असा रस्ता आहे. जून २०२५ पासून होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमानही सुरू झालं. ते मोपाला उतरतं, पणजी तिथून बरीच लांब. कसंही जा, पण आदल्या दिवशी पोहोचा. रात्रभर बसमध्ये मान टाकून सकाळी उतरायचं आणि दुपारी आठ-दहा तासांच्या खेळाला बसायचं, हे करू नका. जहाजावर असेल तर जेट्टीवरून छोट्या बोटीने नेतात. रांग लागते, तो वेळ धरा.

३. घरीच पाठ करायचे आकडे

आक्रमण का करायचं हे आकड्यांतून पटलं तरच टेबलवर हात धजावतो.

एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते. लाइव्ह टेबलवर तासाला साधारण २५ ते ३० हात होतात. म्हणजे एक्क्यांची वाट बघत बसलात तर सात ते नऊ तास. तोवर ब्लाइंड्स कुठल्या कुठे गेलेले असतात.

आता खर्च बघा. ब्लाइंड्स ५००/१००० आणि बिग ब्लाइंड अँटी (बिग ब्लाइंडवाला सगळ्यांतर्फे भरतो ती जादा रक्कम) १०००, म्हणजे दर हाताला टेबलवर २५०० आधीच पडलेले. नऊ जणांच्या टेबलवर एक फेरी बसून काढली की तुमचे २५०० गेले. तुमच्याकडे २५,००० असतील तर दहा फेऱ्या. पण लेव्हल अर्ध्या तासाची असेल तर तिच्यात दीड फेरीच होते आणि मग ब्लाइंड्स वाढतात. कागदावरच्या दहा फेऱ्या प्रत्यक्षात पाच-सहाही उरत नाहीत.

आणि हा सगळ्यात कामाचा: जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगलं काही तीनातून एकदाच लागतं. दोनदा समोरच्याच्या हातात काही नसतं. त्या दोन वेळा आधी कोण लावतो, पॉट त्याचा.

ब्लफ किती वेळा चालला पाहिजे, तेही सोपं आहे. पॉटच्या एक तृतीयांश लावलेत तर चारात एकदा, अर्धा पॉट लावलात तर तिनात एकदा, पूर्ण पॉट लावलात तर दोनात एकदा. छोट्या ब्लफला कमी यश पुरतं. नवखे नेमकं उलट करतात: ब्लफ म्हटलं की सगळा डोंगर ढकलतात.

४. पहिला तास डावीकडे बघा

बसल्या बसल्या मारामारी सुरू करू नका. पहिल्या तासात ब्लाइंड्स लहान असतात, चोरण्यासारखं फार नसतं. शिवाय री-एंट्री चालू असेपर्यंत लोक सैल खेळतात. “गेलं तर परत बसू” म्हणणाऱ्याला ब्लफने हाकलता येत नाही. या काळात चांगल्या पानावर भरपूर लावा, ब्लफ कमी.

आणि डावीकडे बघा. तुमच्यानंतर खेळणारे लोक तिकडे बसलेत. बरेच जण आपली पाळी यायच्या आधीच पानं उचलून बघतात. ज्याला टाकायची आहेत तो ती दोन बोटांत धरून, किंचित पुढे सरकवून, डीलरकडे फेकायच्या बेतात असतो. ज्याला खेळायचंय तो पानं खाली ठेवतो, वर चिप ठेवतो आणि उगाच दुसरीकडे बघतो. तुमची पाळी आली की आधी डावीकडचे दोघं-तिघं बघा, मग आपली पानं. तिघांची पानं हवेत दिसली तर तुमच्या हातात काय आहे याला तेवढं महत्त्व राहत नाही. फुकटच्या ॲपवर हे कधीच कळणार नाही.

लावताना एखाद्याचा हात थरथरला तर तो घाबरलाय असं समजू नका. बहुतेक वेळा तो मोठं पान लागल्याचा थरकाप असतो. त्याच्यासमोरून निघून जा.

५. कुठून मारायचं

पोझिशन म्हणजे शेवटी बोलायचा हक्क. बटन आणि त्याच्या उजवीकडची जागा, कटऑफ, या दोन खुर्च्यांवरून तुमचं निम्मं आक्रमण व्हायला हवं. सुरुवातीच्या जागांवरून नको. मागे सात-आठ जण बसलेत, कुणाकडे तरी काही निघतंच.

सगळ्यांनी टाकलं आणि तुम्ही बटनवर असलात तर २.२ बिग ब्लाइंड रेझ. वरच्याच आकड्यांवर, २५०० उचलायला २२०० लावताय. दोन्ही ब्लाइंड्सनी मिळून ४७ टक्के वेळा सोडलं तरी तिथेच फिटलं. दोघं प्रत्येकी ७० टक्के वेळा टाकत असतील, तर दोघांनीही एकाच वेळी टाकण्याचं प्रमाण ४९ टक्के येतं. म्हणजे फ्लॉप न बघताच तुम्ही किंचित फायद्यात, आणि कधी कॉल आलाच तर तुम्ही शेवटी बोलणार.

मोठं पान असो की हलकं, रेझ तेवढाच ठेवा. एक्क्यांवर चार बिग ब्लाइंड आणि सत्ती-अठ्ठीवर दोन, असं केलंत की तासाभरात सगळं टेबल तुम्हाला वाचतं. आणि लिंप करू नका, म्हणजे नुसता बिग ब्लाइंड भरून आत शिरू नका. पान खेळण्यासारखं असेल तर रेझ, नसेल तर टाका.

६. थ्री-बेट: रेझवर रेझ

आपल्याकडचे खेळाडू इथे कचरतात. राणीची जोडी, राजाची जोडी, एक्क्यांची जोडी आणि एक्का-राजा यांवर रेझवर रेझ करायला सगळेच शिकतात. पण तेवढ्यावरच केलंत तर टेबलला लगेच कळतं. थोडी हलकी पानंही मिसळा. त्यासाठी उत्तम म्हणजे एकाच रंगाचा एक्का-पंजी किंवा एक्का-चव्वी. कारण साधं आहे: एक एक्का तुमच्या हातात आहे म्हटल्यावर समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार सहावरून तीनवर येतात, आणि एक्का-राजाचे सोळावरून बारावर.

एक हात पूर्ण बघू. ब्लाइंड्स ५००/१०००, अँटी १०००. बटनच्या दोन जागा आधी बसलेला एक सैल खेळाडू २२०० करतो. दोघांकडेही ४०,००० आहेत. तुम्ही बटनवर, हातात इस्पिक एक्का-पंजी. तुम्ही ६५०० करता. ब्लाइंड्स टाकतात, तो कॉल करतो. पॉट १५,५००. फ्लॉप: चौकट राजा, इस्पिक सत्ती, किलवर दुर्री. तो चेक करतो. तुम्ही ५००० लावा. चारात एकदा त्याने टाकलं की हिशेब बसला, आणि हा बोर्ड तुमच्या बाजूचा आहे: राजा तुमच्याकडे असणं जास्त पटतं. छक्कीची जोडी, नव्वीची जोडी, राणी-गुलाम अशी पानं त्याला पुढे धरून ठेवणं जड जातं.

त्याने कॉल केला तर? टर्नवर बदाम नव्वी आली तर थांबा, चेक करा. दुसरा गोळा झाडायचा हट्ट नको. टर्नवर इस्पिक अठ्ठी आली तर गोष्ट वेगळी. आता नऊ पानं तुम्हाला सर्वांत मोठा फ्लश देतात, वर एक्का आला तरी तो बहुधा चालेल. इथे उरलेले २८,५०० पुढे ढकलायचा विचार करता येतो. ब्लफला जोडीला अशी पळवाट असावी. नुसत्या हवेवर सगळं लावणारा थोड्या वेळाने बाहेर कॉफी पीत दिसतो.

बोर्ड नऊ-आठ-सात, त्यात दोन एकाच रंगाची, आणि कॉल करणारा बिग ब्लाइंडमध्ये असेल तर ही फ्लॉपवरची सवयीची बेट गाळा. तो बोर्ड त्याचा.

७. चिप्स किती उरल्यात त्यावर खेळ

चिप्स नुसत्या मोजू नका, बिग ब्लाइंडने भागा. दर लेव्हल बदलली की पुन्हा भागा.

४० च्या वर असाल तर वर सांगितलेलं सगळं करता येतं. २५ ते ४० मध्ये थ्री-बेट चालते, पण हलक्या पानावर रेझ कॉल करत बसणं बंद.

१५ ते २२ ही जागा लोक वाया घालवतात. इथलं हत्यार म्हणजे थेट ऑल-इनने उत्तर देणं. कुणीतरी बटनवरून सवयीने रेझ केलाय, तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये १८ बिग ब्लाइंड घेऊन बसलात, हातात एक्का-दश्शी किंवा अठ्ठीची जोडी. कॉल केलात तर फ्लॉपवर अडचण. ऑल-इन केलात तर त्याला निम्म्याहून जास्त वेळा सोडावंच लागतं, कारण तो हलक्या पानावर आला होता. पण सुरुवातीच्या जागेवरून रेझ आला असेल तर हा उद्योग करू नका. तिथून माणूस पान बघूनच येतो.

१० च्या आसपास किंवा खाली: ऑल-इन किंवा टाका, तिसरं काही नाही. बटनवर पाळी येईपर्यंत कुणी आलं नसेल तर कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, दोन चित्रं, एकाच रंगाची दश्शी-नव्वी, सगळं आत. तीन-चार बिग ब्लाइंड उरेपर्यंत थांबू नका. तेवढ्याने कुणी घाबरत नाही, बिग ब्लाइंड डोळे झाकून कॉल करतो.

८. बबल

मैदानातले साधारण १० ते १५ टक्के लोक पैशात येतात. त्याच्या अलीकडचे काही हात म्हणजे बबल. मधल्या स्टॅकवाल्यांचा (स्टॅक म्हणजे समोर असलेल्या एकूण चिप्स) सगळा जीव इथे “पैशात तरी यावं” यात अडकलेला असतो. तुमच्याकडे टेबलवरचा मोठा स्टॅक असेल तर हीच कमाईची वेळ. मधल्यांच्या ब्लाइंड्सवर सारखे रेझ करा. त्यांना उत्तर द्यायचं म्हणजे बाहेर पडायची जोखीम.

दोघांना सोडा. अगदी दोन-तीन बिग ब्लाइंड उरलेला माणूस, कारण तो काहीही घेऊन कॉल करणार. आणि तुमच्याएवढाच किंवा तुमच्याहून मोठा स्टॅक, कारण तो तुम्हाला घालवू शकतो.

तुम्ही स्वतः मधले असाल तर मोठ्याशी भिडू नका, तुमच्याहून लहानांवर दाब टाका. सोलापूरहून बघायला आलेला मित्र मागे उभा राहून “खेळ की बे, घाबरतोस काय!” म्हणणारच. त्याला जेवायला पाठवा.

९. लाइव्ह नियमांचे सापळे

आक्रमक खेळणारा जास्त वेळा चिप्स हलवतो, म्हणून चुकांची किंमतही तोच जास्त मोजतो.

- तोंडाने बोला. “रेझ, बावीसशे.” पाळीवर बोललेला शब्द बांधील असतो, आणि त्यात हातचलाखीचा संशय राहत नाही.
- न बोलता एकच मोठी चिप टाकलीत तर तो कॉल धरतात. ५००० ची चिप टाकून रेझ झाला असं मनात धरून बसू नका.
- न बोलता आधी थोडे, मग परत हात नेऊन आणखी थोडे, असं लावलंत तर पहिलेच धरले जातात.
- पुढचा रेझ निदान आधीच्या वाढीएवढा हवा. १००० चे कुणी २२०० केले तर वाढ १२००, म्हणून पुढचा किमान ३४००.
- मोठ्या चिप्स पुढे, दिसतील अशा. लपवायच्या नाहीत.
- ऑल-इन झाल्यावर पानांवरून हात काढू नका. डीलरने चुकून ओढली तर हात गेला.
- हात चालू असताना फोन नको, आणि सोबत्याशी मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत कुजबुजही नको. बाकीच्यांना न कळणाऱ्या भाषेतलं बोलणं तिथे संशयास्पद ठरतं.

एका गाडीतून चौघं गेलात आणि दोघं एकाच टेबलवर आलात तर एकमेकांना सूट देऊ नका. मित्र आहे म्हणून न मारणं हेही संगनमतात धरतात आणि दंड होतो. हे जाताना गाडीतच ठरवून घ्या, म्हणजे नंतर रुसवा नको.

आणि वाद झाला तर डीलरशी हुज्जत न घालता “फ्लोअर” म्हणून, म्हणजे देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, हाक मारा. निर्णय त्यांचा. वयाने मोठे काका असतील आणि चुकीने पाळी सोडून बोलले असतील, तरी “काका, जरा थांबा, माझी पाळी आहे” एवढंच पुरतं.

१०. कुणाला ब्लफ करायचं नाही

प्रत्येक टेबलवर एक तरी माणूस असतो जो दुर्रीची जोडी घेऊन रिव्हरपर्यंत येतो आणि वर हसतो. त्याला पहिल्या तासात ओळखा. त्याच्यावर ब्लफ शून्य. पान लागलं की मात्र नेहमीपेक्षा जास्त लावा, तो देतो. नुकताच मोठा हात हरलेला, मान लाल झालेला माणूसही तसाच, पुढची पंधरा-वीस मिनिटं तो काही सोडणार नाही.

ब्लफ करा तो विचार करून पानं टाकणाऱ्याला. ज्याला टाकता येतं त्यालाच हलवता येतं.

तुम्ही तीन-चार वेळा सलग पॉट उचललेत आणि एकदाही पान दाखवलं नाही, की टेबल चिडतं. कुणीतरी “आता बघतोच” म्हणून बसलेला असतो. तेव्हा एक फेरी गप्प बसा. ब्लफ यशस्वी झाला म्हणून पानं उघडून दाखवायची खाज असते, ती मारा.

११. बक्षीस लागलं तर

पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आणि वर सेस लागतो. रक्कम १०,००० च्या वर गेली की देणारा टीडीएस कापूनच देतो. यात कुठला स्लॅब लागत नाही. आधीच्या टूर्नामेंटमध्ये गेलेली एंट्री फी, बसभाडं, हॉटेल, काही वजा होत नाही. म्हणून बक्षिसाचा आकडा ऐकून मित्रांशी वाटणी ठरवलीत तर आधी कर काढून उरलेल्याची ठरवा.

पैसे शक्यतो बँक खात्यात घ्या, पावती आणि टीडीएसच्या प्रमाणपत्राबद्दल काउंटरवरच विचारा, पॅन नंबर बरोबर लिहिलाय ना ते उभ्या उभ्या तपासा. सोलापुरात आल्यावर सीएकडे रिटर्नच्या वेळी तीच कागदं द्या, आणि कापलेला कर पोर्टलवर दिसतोय का ते त्याच्यासमोर बघून घ्या.